जळकोटच्या वळणावर थांबणारी गाडी

अपघातात सापडलेल्या वाहनाच्या तपासणी अहवालात एक ओळ हटकून असते : ‘ब्रेक सुस्थितीत आढळले.’ नांदेड आणि लातूर येथील कार्यालयांत मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी उभी नोकरी झाली. ही ओळ वाहनाला हातही न लावता, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून, कागद उडू नये म्हणून त्यावर चहाचा कप ठेवून लिहिली जाताना मी इतक्यांदा पाहिली आहे, की ती आठवली तरी आजही माझे डोके तापते. अपघातातील वाहन तपासण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याचे कलम १३६ देते. ज्याला हा अधिकार हवा आहे पण वाकून गाडीखाली पाहण्याची लाज वाटते, त्याने तो परत करावा, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले होते. उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र पाठवले. त्याचेही आले नाही. कार्यालयात माझ्या माघारी मला ‘कलमसाहेब’ म्हणत, हे मला ठाऊक होते. यापेक्षा वाईट नावांचे अधिकारी मी पाहिले आहेत.

या एका ओळीत काय दडलेले असते, ते बाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. ब्रेक नादुरुस्त निघाले तर दोष यंत्राकडे किंवा मालकाकडे जातो. सुस्थितीत निघाले तर दोष चालकाचा. छापील अहवालाला तिसरी वाट माहीत नाही. ज्या प्रकरणाने मला अद्याप सोडलेले नाही ते नेमके तिसऱ्या वाटेचे होते. ब्रेक उत्तम होते, पूर्ण ताकदीने लागले होते, आणि चालक शपथेवर सांगत होता की त्याचा पाय त्यांवर नव्हता.

चालकाचे नाव ज्ञानोबा. लातूरच्या एका डाळमिलच्या मालकांकडे, बालाजीशेठकडे, तो गाडीवर होता. तुरीच्या सौद्यासाठी देगलूरला गेलेल्या शेठना आणायला तो एकटाच रिकामी गाडी घेऊन निघाला होता. जळकोट सोडल्यावर डोंगराच्या अंगाने रस्ता वळतो, तिथे एक लहान पूल आहे आणि पुलाच्या अलीकडे लोखंडी कठडा. भर दुपार, मोकळा रस्ता. त्या वळणावर गाडी जागच्या जागी थांबली. मागून हणमंत नावाचा शिंपी दुचाकीवरून येत होता. त्याला थांबता आले नाही. तो गेला.

पोलिसांनी ज्ञानोबावर गुन्हा नोंदवला : विनाकारण अचानक ब्रेक लावून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा. तो प्यायलेला नव्हता, हे वैद्यकीय तपासणीत स्पष्ट झाले. तो झोपला असावा, असे शेठचे म्हणणे पडले. माझ्या अहवालात ती नेहमीची ओळ उतरली असती तर ज्ञानोबाची सुटका नव्हती. परवाना गेला असता, तुरुंग लागला असता, आणि माणूस मारल्याचा शिक्का जन्मभराचा.

आता गाडीविषयी. ही सामान्य मोटार नव्हती. जीपचे धूड, दिवाणखान्याचे सुख आणि शर्यतीच्या गाडीची चाल, अशा तीन गोष्टी एका देहात कोंबलेली ती परदेशी बनावटीची गाडी होती. वजन दोन टनांच्या वर. इतके वजन उभ्या जागेवरून शंभराच्या वेगाला नेण्यास तिला चार-पाच श्वास पुरत. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. वेग वाढला की गाडी आपोआप जमिनीलगत झुके, रस्ता खराब लागला की अंग उचलून घेई. मागची चाकेही थोडी वळत, त्यामुळे एवढे धूड वळणावर मांजरासारखे फिरे. काचा दुहेरी, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आणि इतकी शांतता केल्यावर गिऱ्हाइकाला इंजिनची गुरगुर हवीशी वाटते, म्हणून ती आत ध्वनिक्षेपकातून ऐकवलेली! खरा आवाज दाराबाहेर अडवायचा आणि त्याचे सोंग आत आणून बसवायचे, याला रचनाकौशल्य म्हणतात. मी ते नाकारत नाही. ज्यांनी ते यंत्र घडवले त्यांची बुद्धी मला मान्य आहे. माझे भांडण एवढेच होते, की वेगाची प्रत्येक खूण आत बसलेल्यापासून लपवणारे वाहन माणसाच्या हाती देताना त्याला बजावणार कोण?

आणि ब्रेक! चाकामागच्या तबकड्या पंगतीतल्या ताटाएवढ्या. माहितीपत्रकात ही गाडी किती लवकर पळते ते मोठ्या अक्षरांत होते. किती लवकर थांबते तेही होते. पण ती थांबेल तेव्हा मागे आपल्याकडचा साधा दुचाकीवाला असेल, त्याच्या ब्रेकला ते अंतर पुरणार नाही, याबद्दल एक अवाक्षर नव्हते. मागच्याने अंतर ठेवावे हा नियम मला पाठ आहे. तो नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र असे ब्रेक नव्हते.

पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. मागचा भाग चेपलेला, पुढून ओरखडाही नाही असे प्रथमदर्शनी वाटले. ठाण्याचे हवालदार पठाण मला फाटकातच गाठून म्हणाले, “साहेब, लौकर बघा आन् घिऊन जा हिला. जित्ती हाय ही.”

“काय झाले?”

“किल्ली माझ्या टेबलात कुलपात. गाडीत माणूस न्हाई, काणूस न्हाई. आन् दुपारच्या पारी फुस्स करून खाली बसती. म्हैस बसल्यावानी. मंग थोड्या वेळानं पुन्हा उठती. कुत्रं बी सावलीला जाईना तिच्या.”

पिशव्यांतली हवा कमी-जास्त झाली की गाडी उभ्या उभ्याच आपली पातळी सावरते, हे मी त्यांना समजावले. ते मान डोलावत राहिले आणि गाडीपासून होते त्याहून दोन पावले दूर सरकले. इतक्यात बालाजीशेठ आले. त्यांच्या खिशात गाडीची दुसरी किल्ली होती. त्यांनी दार उघडले मात्र, आतली रिकामी खुर्ची आपणहून मागे सरकली, खाली झाली, पाठीला रेलली, आरसे कलले. कोणी जाडजूड गृहस्थ, जो आम्हाला दिसत नव्हता, तो ऐसपैस बसत होता. किल्ली ओळखून खुर्ची मालकाच्या सवयीने मांडायची, एवढीच ती सोय. पण त्या उन्हात, त्या शांततेत, माझ्या मानेवर काटा आला हे मी नोंदवून ठेवतो.

“मालक बसायच्या आधी मालक बसला की!” पठाण म्हणाले, आणि शेठनाही हसू आले नाही.

ज्ञानोबाचा जबाब मी स्वतः वाचला होता. तरी त्याला समोर बसवून पुन्हा विचारले. चाळिशीचा, सडपातळ, बोलताना खाली पाहणारा माणूस.

“साहेब, मी दाबलं न्हाई. आईच्यान् न्हाई.”

“मग गाडी थांबली कशी?”

“आधी पट्टा आवळला. कुणी मागनं मिठी मारावी तसा. मंग समोरच्या काचंवर लाल माणूस उमटला. येवढासा. आन् गाडी जाग्यावर गपकन् उभी. मी समोर बघून राहिलो, तर रस्त्यावर कुणी न्हाई. मागं धाड् झालं.”

“लाल माणूस म्हणजे?”

“चित्र, साहेब. गाडीला कुणी दिसलं की चित्र येतंय. मला दिसलं न्हाई. तिला दिसलं.”

पठाण मध्येच म्हणाले, “सांग की साहेबाला, कोन ते.” आणि ज्ञानोबाची वाट न पाहता त्यांनीच सांगितले. पुलाच्या कामावर एक मजूर बाई दगडाखाली सापडली होती म्हणे. तिचे गाव कोणाला ठाऊक नाही, नाव कोणाला ठाऊक नाही. ती दुपारी वळणावर उभी राहते, असे आसपासच्या वाड्या-तांड्यांवर बोलले जाते. गावात एकमत झाले होते, की माणसांना न दिसणारी ती बाई त्या महागड्या गाडीला दिसली.

मी संतापलो. हे लिहू कुठे? न्यायालयात भूत साक्षीला येत नाही. ज्ञानोबाला बाहेर काढायचे तर मला कारण हवे होते, हातात धरता येईल असे.

मालकाचा जबाब घेण्यासाठी मी लातूरला त्यांच्या घरी गेलो. शेठ दुखावलेले होते. “साहेब, जगात नावाजलेली गाडी हाय ती. चुकतो माणूस. तुमी सरळ लिहून टाका ना.” ‘लिहून टाका’ या दोन शब्दांनी या देशाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे परचक्रानेही केले नसेल, असे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. तेव्हा आतून त्यांच्या मातोश्री आल्या. कपाळावर मोठे कुंकू, हातात जपमाळ. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “ज्ञानोबा माझ्या लेकावानी हाय, बाबा. त्याला काई झालं न्हाई ते नालंमुळं. त्या वळणाचं मला ठावं होतं. म्हनून त्या दिशी सकाळी मीच बांधली, काळ्या घोड्याची. संगं काळी बाहुली आन् बिब्बा.”

“कुठे बांधली, आई?”

“तोंडाला. नजर तोंडाला लागती. ढोराला कुठं बांधतो आपुन?”

मी मान डोलावली. त्यांच्या बोलण्याकडे मी त्या क्षणी सोयीचा गहिवर म्हणूनच पाहिले.

चाचणीसाठी मी पोलिसांकडून रस्ता दोन्ही बाजूंनी अडवून घेतला. दुपारचीच वेळ निवडली. जामिनावर असलेला ज्ञानोबा चालवायला, मी शेजारी, पठाण नाइलाजाने मागे. पहिली फेरी हळू घेतली. डोंगर, करपलेले गवत, निष्पर्ण साग. आत गारवा आणि इतकी शांतता की पठाणांच्या ओठांतली दुआ ऐकू येत होती. वळण आले, पूल गेला. काही झाले नाही.

“आता त्या दिवशीच्या वेगाने,” मी म्हणालो.

“साहेब, नको.”

“ज्ञानोबा, पाय ब्रेकपासून बाजूला ठेवा. मी पायाकडे पाहत आहे.”

वेग चढला, तरी अंगाला कळला नाही. फक्त ती खोटी गुरगुर वाढली. गाडी किंचित खाली झुकली, दबा धरल्यासारखी. वळण समोर आले. माझी नजर ज्ञानोबाच्या पायावर होती. तो पाय ब्रेकपासून दूर होता. आणि माझ्या छातीवरचा पट्टा कोणीतरी मागून ओढून आवळला.

काचेवर लाल माणूस उमटला. गाडी थांबली. माझे डोके पुढे जाऊन मागे आपटले. इंजिनचा आवाज लोपला. समोर पांढरा पडलेला रस्ता होता, वाफ निघत होती, आणि त्या वाफेत कोणीही उभे नव्हते. आम्ही तिघेही त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. तिथे कोणीतरी आहे असे समजून एक यंत्र अदबीने थांबले होते, आणि ते हलायला तयार नव्हते. कबूल करतो, की कायद्याचे एकही कलम मला त्या वेळी आठवले नाही.

पठाण पुटपुटले, “हाय. हाय ती.”

मी दार उघडून खाली उतरलो. भीती वाटत होती म्हणूनच उतरलो. गाडीसमोर जाऊन उभा राहिलो आणि तिच्या तोंडाकडे पाहिले. जाळीच्या मध्यभागी कंपनीचे चिन्ह, काळ्या काचेसारख्या गुळगुळीत पट्टीवर. त्याच्या खाली काळ्या दोऱ्याने बांधलेली नाल, बाहुली आणि बिब्बा. नाल सरळ खाली लोंबत होती, चिन्हापासून वीतभर दूर. पण त्या गुळगुळीत पट्टीवर, थेट चिन्हावरच, बारीक ओरखड्यांची एक कमान होती. लोखंड पुन्हा पुन्हा आपटल्याची. ठाण्याच्या आवारात मला न दिसलेली.

खाली लोंबणारी नाल वर कशी आपटेल? वाऱ्याने. गाडी हळू असताना ती निमूट लोंबे. वेग वाढला की समोरचा वारा तिला उचलून चिन्हावर धरी. आणि त्या चिन्हामागेच गाडीचा डोळा होता.

हा डोळा म्हणजे रडार. तो पुढे लहरी सोडतो, त्या कशावर आदळून परत आल्या की समोर काय आहे ते गाडीला कळते. धडक अटळ वाटली तर ती माणसाची वाट न पाहता पट्टे आवळते आणि ब्रेक लावते. नाल वर उचलली गेली की लहरी तिच्यामुळे बाजूला वळत, आणि वळणाच्या कडेचा लोखंडी कठडा गाडीला ऐन रस्त्यात उभा दिसे. सरळ रस्त्यावर कठडा नाही, म्हणून तिथे काही होत नसे. हे मी नंतर कंपनीच्या अभियंत्याकडून लेखी वदवून घेतले. समोर माणूस असो, म्हैस असो वा लोखंड असो, काचेवर तेच एक लाल चित्र उमटते, हेही त्यानेच सांगितले.

मी पंचनामा करून नाल सोडवली. दोरा कापताना पठाण म्हणाले, “साहेब, निदान बाहुली तरी ऱ्हाऊ द्या.” ती राहू दिली नाही. मग त्याच वेगाने पुन्हा वळण घेतले. गाडी सरळ निघून गेली, पूल ओलांडून पार. कोणी दिसले नाही, तिलाही नाही. मी आनंदाने ज्ञानोबाच्या खांद्यावर हात मारला. त्याने मान हलवली, पण तो हसला नाही.

अहवालात मी छापील ओळ खोडली आणि जोडपत्र लावले. ब्रेक चालकाने लावले नव्हते, हे त्यात कारणांसह नमूद केले. नाल कोणी बांधली ते लिहिणे मला भाग होते. ‘वाहनधारकाच्या मातोश्रींनी, सद्भावनेने’ असे लिहिले. त्या वाक्यातला शेवटचा शब्द तांत्रिक अहवालात बसत नाही, असा शेरा वरून आला. मी त्याला उत्तर दिले, की तो शब्द निघणार असेल तर माझी सहीही निघेल. शब्द राहिला.

गाडीच्या कंपनीला मात्र मी सोडले नाही. चिन्हासमोर काहीही लावू नये, असे त्यांच्या जाडजूड इंग्रजी पुस्तिकेत लिहिलेले होते. मी विचारले, ज्या देशात नवी गाडी घरी आणली की पहिले काम तिच्या तोंडाला नजरेचा तोडगा बांधण्याचे असते, त्या देशात विकताना हे एक वाक्य तोंडी, मराठीत सांगायला तुमच्या विक्रेत्याची जीभ झडली होती काय? काही काळाने उत्तर आले. वाहनाने त्याच्या रचनेनुसारच वर्तन केले आहे, असे त्यात म्हटले होते. ते वाचून मला त्या वळणावर आला नव्हता असा काटा आला.

न्यायालयाने ज्ञानोबाला मुक्त केले. माझ्या नोकरीतले ते समाधानाचे प्रकरण म्हणून मी मिटवून ठेवले असते. पण मी निवृत्त झाल्यानंतर एके दिवशी तो लातूरला माझ्या दारात उभा राहिला. शेठची गाडी त्याने सोडली होती, आता तो जळकोटला भाड्याची जीप चालवत होता.

“साहेब, एक काम हाय. कायद्याचं न्हाई.”

“बसा. बोला.”

“हणमंताच्या माती-सावडण्याला गेलतो मी. त्याच्या बायकूच्या पाया पडलो. तवा मला वाटलं ते बोललो. म्हनलं, बाई, समोर कुणीतरी आलतं, गाडीनं त्याला वाचवलं. तुमचा माणूस कुणाच्या तरी जिवासाठी गेला.” तो खाली पाहत राहिला. “तेवढ्यावरच तिनं दिवस काढले. आता कोर्टातलं गावात कळालंय. तिनं निरोप धाडलाय, काय खरं ते सांगून जा म्हनून. मला न्हाई सांगता येत. तुमी चला.”

मी गेलो. गावाच्या कडेला पत्र्याचे घर, ओट्यावर हणमंताचे शिवणयंत्र. आता त्यावर त्याची पत्नी रुक्मिणबाई बसत होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिले. ज्ञानोबा दाराशीच उभा राहिला. मी त्यांना सगळे सांगितले, जितके सोपे करता येईल तितके : चिन्ह, नाल, वारा, लहरी, कठडा. आयुष्यभर मी असे समजत आलो, की खरे ते पूर्ण सांगितले की माणसाचे देणे फिटते.

त्या ऐकत राहिल्या. मशीनचे चाक त्यांनी हाताने धरून ठेवले होते.

“म्हंजे म्होरं कुणीच नव्हतं?”

“कोणीच नव्हते, बाई.”

“बाई नव्हती, लेकरू नव्हतं, ढोर नव्हतं?”

“नाही. फक्त लोखंडी कठडा, तोही बाजूला.”

मग दाराकडे न बघता, माझ्याकडेही न बघता म्हणाल्या, “येवढी मोठी गाडी. म्होरं नसलेलं दिसलं तिला. आन् मागं असलेला माणूस दिसला न्हाई?”

मागे पाहणारा डोळाही त्या गाडीला होता. पण मागून येणाऱ्याचा विचार करून थांबण्याची आज्ञा त्याला कोणी दिलेली नव्हती, आणि हे त्या ओट्यावर उच्चारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी हात जोडले आणि उठलो. त्यांनी चाक सोडले. पायाने मशीन सुरू केली.

परतताना मी ज्ञानोबाच्या भाड्याच्या जीपमध्ये बसलो होतो. जीपच्या खिडक्यांतून धूळ, वारा, इंजिनचा खरा आवाज, सगळे आत येत होते. वळण आले तेव्हा त्याने बऱ्याच अलीकडून वेग कमी केला आणि गाडी कडेने अगदी सावकाश नेली. त्याची नजर समोर नव्हती. ती आरशात होती. मीही मान वळवून मागे पाहिले. रस्ता लांबवर मोकळा होता. तरी त्याने हात बाहेर काढला आणि मागच्याला पुढे जाण्याची खूण केली.